प्लास्टर ऑफ पेण

रोहा, ६ डिसेंबर २०२५

चि. हौसास,

किमया म्हणून लिहिणार होतो. पण ते पडद्यावरचं नाव तुला निर्मात्यानं दिलं, तेव्हा त्या नावाला आशीर्वाद द्यायचं कामही त्याचंच. माझे आशीर्वाद हमरापूरच्या हौसाला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला. ते पोचतात की नाही, कळायला मार्ग नाही, कारण सव्वा वर्षात तू माझा एकही फोन घेतलेला नाहीस. फोन नुसता वाजून गप्प होतो. पत्र निदान हातात घेऊन फाडावं तरी लागतं.

कामाचं आधी. आईची तारीख एकोणीस जानेवारीला लागली आहे, पेणच्या कोर्टात. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या धोंडुबाईवर आरोप असा, की तिनं जोह्याच्या प्रणितच्या उजव्या हातावर कोयत्यानं वार केला. केलाच आहे. ती स्वतः सांगत फिरते. आपल्या वकीलबाई, नम्रताबाई, तिला विनवतात, "आजी, एवढं ठासून सांगू नका." आई म्हणते, "मंग काय हळू सांगू?"

नम्रताबाईंचं म्हणणं असं: प्रणितनं आधी तुझ्या तोंडावर मारलं आणि आई तुला वाचवायला धावली, एवढं कोर्टाला पटलं तर आई घरी राहील. नाही पटलं तर तुरुंगात जाईल. आणि ते सांगायला कोणी नाही. आपल्या मूर्तींच्या कारखान्यातली माणसं जेवायला गेली होती. प्रणितच्या माणसानं काढलेल्या व्हिडिओत नुसती तू ओट्यावर येताना दिसतेस, आधीचं-नंतरचं काही नाही. तू गाल धरून गाडीत बसलीस ती थेट मुंबईला, तुझ्या डॉक्टरकडे, त्यामुळे पेणच्या दवाखान्यात तुझ्या जखमेचा कागद नाही. प्रणितची बाजू म्हणते, जखम कसली, बाईचे ऑपरेशनचे टाके होते ते. म्हणजे तुला पिंजऱ्यात उभं राहून गाल दाखवावा लागेल. ओढणी काढून.

किती सहज लिहिलं बघ मी हे. गाल माझा नाही ना.

नम्रताबाईंनी त्या दुपारची हकिगत लिहून मागितली होती. तीच तुलाही पाठवतो. साक्ष देताना उपयोगी पडेल. मी रोह्याहून पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं, हे तुला आणि पोलिसांना ठाऊक आहेच. तेव्हा ऐकीव समज.

गेल्या वर्षी गणपतीला दहा दिवस होते. प्रणितचा टेम्पो अंगणात शिरला. ज्याला आईनं पंधरा वर्षं हाताशी धरून आखणी शिकवली, मूर्तीला डोळे काढायला शिकवलं, तोच प्रणित. टेम्पोत त्याचे परत आलेले गौरीचे मुखवटे होते. सगळे तुझ्या चेहऱ्याचे. आपल्या बाबांच्या साच्यावरून त्यानं परस्पर साचा उतरवला होता. अर्धं जोहे तुझ्या तोंडावर जगत होतं. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी कळवलं होतं, प्लास्टिकवालीची गौर कोणी घेत नाही. त्यानं एकेक मुखवटा काढून ओट्याच्या कडेवर आपटायला सुरुवात केली. "हे घे, धोंडुबाय, तुज्या पोरीचं थोबाड! हे पन घे!" पहिले दोन कपाळातून दुभंगले. तिसऱ्याचं नाक उडून पाण्याच्या पिंपात पडलं. पाचव्यानंतर त्याला आपटणं पुरेना, म्हणून तो नाचायला लागला त्यांच्यावर. रंगवलेले डोळे पायाखाली सुपारी फुटल्यासारखे वाजत होते. सातवा फुटला आणि तू बाहेर आलीस.

"बघू दे, खरं किती उरलंय," म्हणून त्यानं तुझी ओढणी ओढली. गालावर सूज होती, कानापाशी दुसऱ्या ऑपरेशनचे टाके होते. तो हसला. आठवा मुखवटा त्यानं फेकला नाही. हातात धरून तुझ्या तोंडावर हाणला, तोंडावर तोंड. टाके उसवून गाल कानापासून ओठापर्यंत फाटला. आई पडवीत बसून मूर्तीत भरायचा काथ्या कोयत्यानं तोडत होती. ती कधी उठली ते कळलं नाही. नवव्या मुखवट्यासाठी वाकताना प्रणितचा हात ओट्यावर टेकला होता. दोन बोटं ओट्यावरच राहिली, तिसरं कातडीला लोंबत होतं. रक्त प्लास्टरच्या पांढऱ्या भुकटीत सांडून त्याचा गुलाबी चिखल झाला. तो दोन तासांत घट्ट बसला. अजून निघालेला नाही; मी छिन्नीनं काढून पाहिला.

ये. आईला तुझ्याशिवाय कोणी नाही.

दादा

&nbsp;

रोहा, २१ डिसेंबर २०२५

चि. हौसा,

उत्तर नाही. हरकत नाही. शाळेत तीस वर्षं संस्कृत शिकवतो. उत्तर न देणाऱ्यांसमोर बोलत राहणं हाच माझा व्यवसाय.

काल शिक्षकखोलीत पुन्हा तुझा विषय निघाला. आमच्या शाळेतल्या नमिताबाई म्हणाल्या, "देवानं दिलेला चेहरा कशाला बदलायचा?" मुख्याध्यापक हैबतरावांनी गंभीरपणे मान डोलावली. हैबतरावांच्या मिशा गेली बारा वर्षं एकाच वयाच्या आहेत. दर पहिल्या रविवारी त्या नव्यानं काळ्या होतात आणि सोमवारी वरच्या ओठालाही थोडा रंग असतो. पण मिशांना कोणी प्लास्टिक म्हणत नाही.

याच लोकांनी तुझ्या ऑपरेशनआधी दोन वर्षं काय म्हटलं होतं, ते मला पाठ आहे. "आईचं काम करते, पण आता आजी दिसायला लागली." "कॅमेरा जवळ आणू नका रे." "मेकअपचा खर्च सिमेंटपेक्षा जास्त." सुरकुत्या होत्या तेव्हा सुरकुत्यांना हसले, गेल्या तेव्हा गेल्या म्हणून हसले. तू सांगितलं होतंस, निर्माता म्हणाला, "मॅडम, जरा दिसतंय डोळ्यांखाली." तेव्हा मी तुला फोनवर सांगितलं होतं, की 'जरा' मराठीत थोडं आणि संस्कृतात म्हातारपण, माणूस दोन्ही भाषांत खरं बोलला. तू हसली होतीस. मग महिन्याभरात ऑपरेशन करून घेतलंस. मला वाटलं होतं, विनोदानं तुझं समाधान झालं. माझी ही खोड जुनी आहे.

तो साचा आठवतो? तू सोळा वर्षांची, मी पुण्याहून सुट्टीला आलेलो. बाबांनी तुला अंगणात घोंगडीवर झोपवलं, तोंडाला खोबरेल चोपडलं, नाकपुड्यांत पपईचे देठ घातले श्वासाला, आणि ओल्या प्लास्टरचा लपका तोंडावर ठेवला. "अर्धा तास हलायचं नाय गो." मी तुझ्या कानाशी वाकून म्हटलं, "हौसा, शेंबूड आवर, नाहीतर कोकणभर त्याची पूजा होईल." तू दात आवळलेस, पण ओठाचा डावा कोपरा उचललाच. बाबांनी मला पायतण फेकून मारलं. "साचा घालवलास, गाढवा!" साचा उघडला तेव्हा मात्र त्यांनी तो बराच वेळ उन्हात धरून ठेवला. दुसऱ्या वर्षी पेणपासून पार ठाण्यापर्यंत लोक हसरी गौर मागत यायला लागले. बाबा गेले तरी मागतच राहिले. त्या हसण्याचा कर्ता मी आहे, हे कुठल्याही पावतीवर नाही.

तुझ्या डॉक्टरनं नेमका तोच कोपरा सरळ केला. त्याला काय माहीत.

तू ये. आई रोज विचारते, "हौसा येनार का?" मी सांगतो, येईल. ती म्हणते, "तू बोलतोस लय, सुशील."

दादा

&nbsp;

रोहा, ४ जानेवारी २०२६

चि. हौसा,

तुझं पाकीट मिळालं. आत माझ्याच पहिल्या पत्राचं पान. त्यातल्या 'सातवा' या शब्दाभोवती भुवया काढायच्या पेन्सिलीनं वर्तुळ, आणि खाली एक ओळ: "सातवा कसा मोजलास, दादा? तू कुठं होतास?"

विद्यार्थ्यांच्या वह्या तपासताना मी असंच वर्तुळ करतो. ते इतकं दुखत असेल, कधी वाटलं नव्हतं.

मी तिथंच होतो. सकाळी सव्वानऊच्या एसटीनं आलो होतो. तुम्ही दोघी आत बोलत होता, म्हणून हाक न मारता मागच्या दारानं शिरलो आणि मागच्या खोलीत साच्यांच्या रचणीपाशी बसून वही तपासत होतो. टेम्पोचा आवाज आला, प्रणितचा आवाज आला, आणि मी उठलो. दारापर्यंत आलो. दाराला बोटभर फट होती. तिच्यातून मी पहिला मुखवटा फुटताना पाहिला, दुसरा, तिसरा. मोजत राहिलो, कारण मोजणं म्हणजे काहीतरी करणं वाटत होतं. त्यानं तुला मारलं तेव्हा माझा हात कडीवर होता. कडी मी आतून लावत होतो, हौसा. काढत नव्हतो.

पंचाहत्तरी ओलांडलेली बाई माझ्यासमोरून कोयता घेऊन गेली आणि मी पन्नाशीतला पुरुष फटीतून बघत होतो.

सगळं शांत झाल्यावर मागच्या दारानं निघालो, भाताच्या बांधावरून रस्त्याला लागलो, आणि दीड तासानं पुढच्या दारानं आलो. पोलिसांना सांगितलं, आत्ताच रोह्याहून पोचलो. लेंग्याला चिखल होता. कोणी पाहिलं नाही. आईनं पाहिलं.

इथं थांबता आलं असतं. भित्रा भाऊ, एवढ्यावर निभावलं असतं. पण मी फक्त भ्यालो म्हणून दार लावलं, असं नाही.

प्रणित त्या दिवशी दर मुखवट्याबरोबर एक शब्द ओरडत होता. तू ऐकलास. सगळ्या महाराष्ट्रानं त्याआधी दोन महिने ऐकला होता. तुझ्या प्रत्येक फोटोखाली तो होता, रील्सवर गाणं होऊन वाजत होता, व्यापाऱ्यांनी माल परत पाठवताना त्याच शब्दानं पाठवला. तू एका मुलाखतीत म्हणालीस, "ज्यानं हा शब्द काढला, तो मला एकदा समोर हवाय."

प्लास्टर ऑफ पेण.

तो मी काढला.

त्याच वर्षीच्या जूनमधला तुझा पुरस्काराचा फोटो नमिताबाईंनी शाळेच्या ग्रुपवर टाकला. सुजलेला चेहरा, हसू न हलणारं. मी वर्गावर जायच्या घाईत होतो. शब्द डोक्यात आला तो इतका गोल, इतका नेमका होता, की टाकल्याशिवाय राहवेना. 'आमची हौसा शेवटी प्लास्टर ऑफ पेण झाली.' तास संपवून आलो तर अठरा जणांनी हसरे चेहरे टाकले होते. हैबतरावांनी टाळ्या. मी संध्याकाळपर्यंत चारदा उघडून पाहिलं. खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटला. आयुष्यात माझं एवढं एकच वाक्य गाजलं. तिसऱ्या दिवशी ते कुठल्याशा फिल्मी पानावर होतं, नाव न घालता. मग मी माझा मेसेज पुसून टाकला. एवढीच माझी मर्दुमकी.

प्रणित शब्द ओरडत होता आणि मी दारामागे उभा होतो. मला वाटलं, बाहेर गेलो तर कोणीतरी विचारेल, हा कुणाचा? दार त्यासाठी लावलं.

आणि तुला साक्षीला बोलवत होतो तेही याचसाठी. प्रत्यक्ष पाहिलेला दुसरा साक्षीदार मी आहे. पण मी उभा राहिलो की विचारणार, पोलिसांना खोटं का सांगितलंत? त्याचं खरं उत्तर द्यायचं तर हा शब्द सांगावा लागेल. म्हणून मी तुझ्या गालाची ओढणी काढायला निघालो होतो. माझी जागच्या जागी राहावी म्हणून.

तू येऊ नकोस. नम्रताबाईंना मी आज सांगितलं. त्या म्हणाल्या, "सर, पोलिसांना दिलेला जबाब बदललात तर तुमच्यावरही केस होऊ शकते." मी म्हटलं, बरं.

आशीर्वाद लिहायचा धीर होत नाही.

सुशील

&nbsp;

पेण, ३ फेब्रुवारी २०२६

चि. हौसा,

हे पत्र पेणच्या एका दवाखान्यातून लिहितो आहे, पालथं न झोपण्याच्या अटीवर. का, ते पुढे येईल. क्रमानं सांगतो.

एकोणीसला मी पिंजऱ्यात उभा राहिलो. मागच्या बाकावर काळा चष्मा आणि निळी ओढणी घेतलेली एक बाई बसली होती. मी सांगितलं होतं, येऊ नकोस, तरी आलीस, असं मला वाटलं. पूर्ण साक्ष मी तिच्याकडे बघून दिली. दाराची फट सांगितली, सात मुखवटे सांगितले, आठवा तुझ्या तोंडावर कसा बसला ते सांगितलं, कडी सांगितली. सरकारी वकील उठले. "म्हणजे बहिणीला रक्तबंबाळ होताना बघत तुम्ही दार लावून घेतलंत?" "होय." "का?" मी शब्द सांगितला आणि तो कोणी काढला तेही सांगितलं.

कोर्ट हसलं. पट्टेवाला हसला, वकील हसले, न्यायाधीशांनीसुद्धा रुमाल तोंडाशी नेला. शब्द चांगलाच आहे, काय करणार. मी तिथं उभा होतो आणि चेहरा कुठं ठेवावा ते कळत नव्हतं. वर्गात मी शिकवत आलो, की 'वदन' म्हणजे ज्यानं बोलायचं ते. बावन्न वर्षं मी ते नुसतं धुतलं होतं.

हसला नाही तो एकटा प्रणित. त्याचा उजवा हात खिशात होता.

बाहेर येऊन मी त्या निळ्या ओढणीपाशी गेलो आणि म्हटलं, "हौसा, मार मला." ती बाई घाबरून दोन पावलं मागे सरली. तलाठी कार्यालयातल्या होत्या. वारसाच्या नोंदीसाठी आल्या होत्या. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. तेव्हा लेखी कळवतो: माझी माफी चुकून पेणच्या महसूल खात्याला मिळाली आहे. तुझी बाकी आहे.

निकाल तीस तारखेला लागला. आईनं बोटं तोडली हे खरं, पण मुलीवर हल्ला होताना तोडली, हेही कोर्टानं मान्य केलं. मर्यादा ओलांडली म्हणून दोषी, पण वय बघून तुरुंग नाही. दोन वर्षं नीट वागण्याच्या हमीवर सोडलं. आईनं न्यायाधीशांना विचारलं, "नीट म्हंजे कसं, सायेब? तो परत आला तर?" नम्रताबाईंनी तिला अक्षरशः ओढत बाहेर काढलं. माझ्या खोट्या जबाबाचं काय करायचं, ते पोलीस ठरवताहेत.

दुसऱ्या दिवशी आई जोह्याच्या बसमध्ये बसली. सोबत आखणीचे दोन बारीक ब्रश. प्रणितला म्हणाली, "डावा हात दे. उजव्याला पंधरा वर्षं लागली, ह्याला तेवढा येळ मला नाय." त्यानं शिवी दिली आणि दार लावून घेतलं. ती ओट्यावर बसून राहिली. त्याच्या बायकोनं, पूजानं, पाणी आणून दिलं ते प्याली. शेवटच्या बसनं परत आली. परवा पुन्हा गेली. दार अजून उघडलेलं नाही. मी म्हटलं, आई, तू त्याची बोटं तोडलीस. ती म्हणाली, "म्हनून तर जाते."

आता माझं. काल दुपारी पेणच्या एसटी स्टँडवर प्रणितचा थोरला भाऊ साईराज आणि त्याचे दोन सोबती भेटले. साईराजच्या हातात हेल्मेट होतं. "तूच ना तो शब्दवाला मास्तर?" मी म्हटलं, मीच. या वेळी कडी लावायला दार नव्हतं. त्यानं 'प्लास्टर' म्हणून पहिला घाव घातला, तो जबड्यावर. 'ऑफ' भुवईवर. 'पेण' नाकावर. पदच्छेद इतका स्पष्ट, की माझ्या वर्गात पहिला आला असता. मी खाली पडलो तेव्हा रक्त घशात जात होतं, लोक भोवती होते, आणि त्यातल्या एकानं मोबाईल काढला होता. माझ्या मनात पहिला विचार आला तो, फोटो कसा येईल हा. मग तू आठवलीस.

तक्रार दिलेली नाही. नम्रताबाई चिडल्या आहेत.

डॉक्टर म्हणतात, हाड तीन ठिकाणी मोडलंय, कूर्चा डावीकडे सरकली आहे. श्वास हवा असेल तर ऑपरेशन करावं लागेल, मुंबईला, प्लास्टिक सर्जनकडे. वर विचारलं, "सर, पूर्वीसारखंच करायचं की जरा सरळ?" 'जरा' हा शब्द ऐकून मी हसलो आणि वरच्या ओठाचे दोन टाके तुटले. आई उशाशी होती. म्हणाली, "पूर्वीचं तरी काय व्हतं त्यात?"

तर मला तुझ्या डॉक्टरचा नंबर हवा आहे. ज्यानं तो कोपरा सरळ केला, त्याचाच. आणि एक काम आहे. सोबत माझा आजचा फोटो पाठवतो, नर्सनं काढलेला. पट्टी काढून, दोन्ही बाजूंनी. नीट बघ आणि माझ्या नाकावर एक शब्द काढ. घाई करू नकोस, गोल असू दे, नेमका असू दे. तुला जमेल, आपण एकाच घरातले. मी तो स्वतःच्या हातानं शाळेच्या ग्रुपवर टाकीन, खाली तुझं नाव घालून.

सध्या मला हसता येत नाही. तेव्हा निर्धास्तपणे लिही.

तुझा मोडका दादा,
सुशील